बेसचे काही सूर उसळतात, काही बुडतात: लिमिटर घ्यावा, कॉम्प्रेसर घ्यावा, की आधी दुसरंच काही तपासावं?

तक्रार जवळपास नेहमी सारखीच असते. बँडसोबत वाजवताना बेस गिटारचा एखादा सूर एकदम अंगावर येतो आणि त्याच्या पुढचे दोन सूर ड्रमच्या आवाजात बुडून जातात. स्लॅप (अंगठ्याने तार ठोकणं आणि बोटाने ओढून सोडणं) सुरू केला की अ‍ॅम्पचा क्लिपचा दिवा (आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटतोय हे सांगणारा) लागतो. परत बोटांनी वाजवायला लागलं की ऐकू येत नाही, म्हणून व्हॉल्यूम वाढवावा लागतो. कुणीतरी सुचवतं, कॉम्प्रेसर घे, तो जोराचे सूर दाबून आवाज सारखा करतो. पेडल येतं, काही दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू होतं. कधी त्याहून वाईट घडतं: उसळणारे सूर तसेच राहतात आणि एकूण आवाजातला जोर मात्र निघून जातो. मग ते पेडल विकून दुसरं घ्यायचं, दुसरं विकून तिसरं.

पेडल बदलत राहून हा प्रश्न सुटत नाही, कारण निवड चुकण्याच्या आधीच निदान चुकलेलं असतं. ‘आवाज एकसारखा येत नाही’ या एका तक्रारीखाली तीन निरनिराळे बिघाड लपलेले असतात. तारेवर आघात झाल्याच्या क्षणी, काही मिलिसेकंदांपुरती येणारी उसळी हा पहिला. एक सूर जोरात आणि पुढचा हलका वाजणं, म्हणजे हाताच्या दाबातला फरक, हा दुसरा. आणि तिसरा म्हणजे हात कसाही चालला तरी ठरावीक जागेचा सूर कायम मोठा किंवा कायम मेलेला असणं. पहिल्यावर लिमिटर (ठरलेल्या पातळीच्या वर आवाज जवळजवळ जाऊच न देणारा) चालतो, दुसऱ्यावर कॉम्प्रेसर. तिसऱ्यावर दोन्ही निरुपयोगी आहेत, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे या तिसऱ्यापायीच वाया जातात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

तपासणी पेडलशिवाय करा

बेस थेट ऑडिओ इंटरफेसला (आवाज संगणकात घेणाऱ्या डब्याला) जोडा. मध्ये पेडल नको, प्रीअ‍ॅम्प नको, आणि बेस अ‍ॅक्टिव्ह (आत बॅटरीवरचं सर्किट असलेला) असेल तर त्याचे ईक्यूचे (खालचा-वरचा आवाज कमी-जास्त करणारे) नॉब मधोमध ठेवा. कानाला हेडफोन. आता प्रत्येक तारेवर खुल्या सुरापासून बाराव्या फ्रेटपर्यंत, शक्य तितक्या सारख्या जोराने एकेक सूर वाजवा आणि रेकॉर्ड करा. मग ऐका आणि पडद्यावरच्या लहरींची उंचीही बघा.

खोलीत घुमणारा सूर या रेकॉर्डिंगमध्ये बाकीच्यांइतकाच दिसला, तर दोष खोलीचा आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक कंपनसंख्येच्या लहरी साचतात आणि त्यातली सर्वांत खालची कंपनसंख्या काढणं सोपं आहे: ध्वनीचा वेग, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, भागिले भिंतींमधल्या अंतराची दुप्पट. खोली ४ मीटर लांब असेल तर उत्तर येतं ४३ हर्ट्झच्या आसपास. चार तारांच्या बेसचा खुला ई ४१.२ हर्ट्झचा आणि पहिल्या फ्रेटवरचा एफ ४३.७ हर्ट्झचा. म्हणजे त्या खोलीत हे दोन सूर फुगणारच. खोलीत चालत चालत ऐकलंत तर हाच सूर भिंतीजवळ प्रचंड आणि मध्यभागी जवळजवळ गायब झालेला आढळेल. कॉम्प्रेसर खोलीच्या आधी बसतो. त्याच्याकडे येणारे सगळे सूर सारखेच असल्यामुळे त्याला दाबायला काही सापडत नाही. इथे अ‍ॅम्प कोपऱ्यातून बाहेर काढणं, भिंतीपासून दूर घेणं, जमिनीवरून उचलून ठेवणं, आणि एवढ्याने भागलं नाही तर ईक्यूवर नेमकी तेवढीच कंपनसंख्या खाली घेणं, हेच उपाय.

रेकॉर्डिंगमध्ये एक अख्खी तार बाकीच्या तारांपेक्षा मोठी किंवा बारीक दिसली, तर स्क्रूड्रायव्हर घ्या. पिकअपची, म्हणजे तारेचं कंपन पकडणाऱ्या चुंबकाच्या पट्टीची, ती बाजू तारेच्या फार जवळ किंवा फार लांब आहे. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची, तार आणि पिकअप यांच्यातलं अंतर बघायचं आणि स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवत दर वेळी ऐकायचं. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही कानाला स्पष्ट कळतो. आवाज वाढावा म्हणून पिकअप अगदी तारेला भिडवू नका. चुंबक तारेला ओढायला लागतं आणि जाड तारांचे सूर डगमगायला लागतात. हे काम फुकट आहे, थोड्या वेळात होतं, आणि कित्येकदा पुढचं सगळं वाचायची गरजच उरत नाही.

एखादाच सूर नीट सुरू होऊन झपाट्याने विरत असेल, तर तो डेड स्पॉट. बोल्टने जोडलेल्या लांब मानेच्या बेसवर तो बहुधा जी तारेवर, पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या परिसरात सापडतो. त्या कंपनसंख्येला मानच कंप पावते आणि तारेची ऊर्जा पिऊन टाकते. हेडस्टॉकला (मानेच्या टोकाला) छोटा क्लॅम्प लावून बघा. वजन बदललं की डेड स्पॉट सरकतो, आणि नशीब असेल तर दोन फ्रेटच्या मध्ये जाऊन बसतो. कॉम्प्रेसर इथे सुराचं शेपूट किंचित लांबवतो. मात्र गेलेली ऊर्जा परत आणणं त्याच्या हातात नसतं.

एवढं झाल्यावरही रेकॉर्डिंगमध्ये सुरांची उंची वेडीवाकडी दिसत असेल आणि दर वेळी वेगळे सूर मोठे होत असतील, तर ते हातातून येतंय. इथून पुढे पेडलची गोष्ट सुरू होते.

कोण किती दाबतो

कॉम्प्रेसर आणि लिमिटर आतून एकाच जातीचे. ठरवून दिलेल्या पातळीच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या, वर आवाज गेला की ते तो कमी करतात. किती कमी करायचा ते रेशो सांगतो. समजा एक सूर थ्रेशोल्डच्या १२ डेसिबल वर गेला. २:१ रेशोवर तो ६ डेसिबल वर राहील. ४:१ वर ३ डेसिबल. २०:१ वर फक्त ०.६, म्हणजे जवळजवळ भिंतच. साधारणपणे १०:१ आणि त्यापुढच्या रेशोला लिमिटिंग म्हणतात.

म्हणजे रेशोचा नॉब पूर्ण फिरवला की कुठलाही कॉम्प्रेसर लिमिटर झाला का? नाही झाला. गोम अटॅकमध्ये आहे, आणि ‘पेडल घेतलं तरी फरक पडला नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथेच येऊन थांबते.

अटॅक म्हणजे आवाज थ्रेशोल्डच्या वर गेल्यापासून पेडलने पुरतं दाबायला लागणारा वेळ. बेससाठी बरेच जण हा वेळ मुद्दाम लांब ठेवतात, ३०–४० मिलिसेकंदांच्या घरात, कारण मग सुराचा पहिला आघात न दाबता निघून जातो आणि ‘पंच’ राहतो. सल्ला चांगला आहे, पण तो दुसऱ्या बिघाडावरचा आहे. पहिला बिघाड असलेल्याने तो घेतला तर काय होतं ते बघा. स्लॅपमध्ये तार ओढून सोडली (याला पॉप म्हणतात) की फ्रेटवर आपटून जी उसळी येते, तिचा मुख्य भाग पहिल्या काही मिलिसेकंदांत येऊन संपतो. ४० मिलिसेकंदांनी जागा होणारा कॉम्प्रेसर तिला हातही लावत नाही. नंतर उरलेल्या सुराला तो समजा ६ डेसिबल दाबतो. सूर बारीक वाटतो म्हणून तुम्ही मेकअप गेन (दाबल्यावर आवाज परत वर आणणारा नॉब) ६ डेसिबल वाढवता. आता सुराचं अंग पूर्वीइतकंच झालं, आणि न दाबली गेलेली उसळी पूर्वीपेक्षा ६ डेसिबल वर गेली. ६ डेसिबल म्हणजे व्होल्टेज दुप्पट. अ‍ॅम्पचा लाल दिवा आधी अधूनमधून लागत होता, तो आता दर पॉपला लागतो.

पेडलमध्ये बिघाड नाही. त्याला सांगितलेलं काम त्याने चोख केलंय.

उलट बाजूची फसगतही तितकीच नेहमीची. बोटांनी वाजवणारा, हाताचा दाब कमी-जास्त असलेला माणूस अगदी वेगवान अटॅक आणि १२:१ रेशो लावून बसतो. घरी एकट्याने ऐकताना आवाज गुळगुळीत, तयार रेकॉर्डिंगसारखा लागतो. बँडमध्ये गेला की बेस दिसेनासा होतो. प्रत्येक सुराचं तोंड कापलं गेल्यामुळे किक ड्रमच्या बरोबर वाजलेला सूर कानाला पकडताच येत नाही. मग तो लो, म्हणजे खालचा आवाज, वाढवतो आणि चिखल होतो. असं होत असेल तर लो कमी करा, रेशो ३:१ किंवा ४:१ वर आणा, अटॅक लांबवा.

तर पहिला प्रश्न पेडलच्या नावाचा नाही. तुम्हाला आघात अडवायचा आहे की आघात ठेवून मागचं अंग सारखं करायचं आहे? दोन्ही हवं असेल तर दोन टप्पे लागतात, एकाच पेडलकडून दोन्ही कामं ओढून घेण्यात अर्थ नाही. संथ कॉम्प्रेसर आधी, वेगवान लिमिटर शेवटी, आणि लिमिटरचा थ्रेशोल्ड इतका वर की तो फक्त अतिरेकी उसळीलाच जागा होईल. कित्येक बेस अ‍ॅम्पमध्ये लिमिटर बसवलेला असतोच. तुमच्या अ‍ॅम्पच्या पुस्तिकेत बघा, कदाचित दुसरा टप्पा तुमच्याकडे आधीच आहे.

खालच्या सुरात खरखर येते

ही तक्रार कमी ऐकू येते, पण तिचं कारण फार कमी जणांना ठाऊक असतं, म्हणून जरा थांबतो. खुल्या ई तारेचं एक आवर्तन पूर्ण व्हायला सुमारे २४ मिलिसेकंद लागतात, पाच तारांच्या बेसवरच्या खुल्या बी तारेचं सुमारे ३२. पेडलचा अटॅक आणि रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) दोन्ही याहून लहान असले, तर पेडल सुराच्या एकूण उंचीमागे धावायचं सोडून लहरीच्या प्रत्येक चढउतारामागे धावायला लागतं. एकाच आवर्तनात दाब-सोड होते, लहरीचा आकार बिघडतो आणि सुरात विकृती येते. जी तारेवर सगळं स्वच्छ आणि ई तारेवर खरखर, असं असेल तर केबल किंवा पिकअप बदलायला धावू नका. रिलीज १०० मिलिसेकंदांच्या पुढे न्या. बहुतेक वेळा खरखर तिथेच थांबते.

रिलीज फार लांब झालं तर दुसरं दुखणं. एका जोरदार पॉपनंतर पेडल दाबूनच बसतं आणि मागून येणारे घोस्ट नोट्स (हलके, दबलेले सूर) गिळले जातात. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोक्यांना) एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि तिचा चौथा हिस्सा १२५ मिलिसेकंदांचा असतो. तुम्ही सोळाव्या सुरांत वाजवत असाल आणि रिलीज एक सेकंदाचं असेल, तर पेडलला श्वास घ्यायला जागाच मिळत नाही. माझा नेम असा: गाण्यातला सगळ्यात जोराचा सूर वाजवायचा आणि पुढच्या ठोक्याच्या आसपास मीटर खाली येतो का ते बघायचं.

आता पेडल निवडताना

मी सगळ्यात आधी मीटर बघतो. गेन रिडक्शन दाखवणारे दिवे असले की पेडल आत्ता किती दाबतंय ते डोळ्यांना दिसतं. कानाला २–३ डेसिबलचं दाबणं सुरुवातीला कळत नाही, आणि जेव्हा कळतं तोवर १०–१२ डेसिबल झालेलं असतं. ज्याला अजून कॉम्प्रेशन ऐकून ओळखता येत नाही, त्याने मीटर नसलेलं पेडल घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. वीस प्रकारचे नॉब नसले तरी चालतील, मीटर हवा.

एमएक्सआरचा एम८७ बेस कॉम्प्रेसर या बाबतीत चांगला: दिव्यांची पूर्ण रांग, वेगळे अटॅक आणि रिलीज, आणि ४:१, ८:१, १२:१, २०:१ असे चार रेशो. त्याची घडण १९६७ साली आलेल्या ११७६ या स्टुडिओ लिमिटरच्या धाटणीची आहे. ११७६ एफईटी जातीचा, म्हणजे अतिशय चपळ. त्याचा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंदांचा. सर्वांत संथ ठेवला तरी एक मिलिसेकंदाच्या आत. उसळी अडवायला ही जात उत्तम, पण आघात तसाच निसटू द्यायचा असेल तर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. एक सावधगिरी: ११७६ वर अटॅक आणि रिलीजचे नॉब घड्याळाच्या दिशेने फिरवले की वेळ कमी होतो. त्याच्या वाटेने गेलेलं कुठलंही पेडल हाती आलं की पुस्तिका उघडून दिशा तपासा. उलट्या दिशेने सेटिंग करून पेडलला नावं ठेवणारे बरेच भेटतात.

ऑप्टिकल जात याच्या अगदी उलट स्वभावाची. आत एक दिवा आणि प्रकाशाला प्रतिसाद देणारा रोधक असतो. एलए-२ए हे या जातीचं जुनं, नामांकित स्टुडिओ यंत्र: अटॅक साधारण १० मिलिसेकंदांचा, सोडताना पहिला निम्मा भाग ६० मिलिसेकंदांच्या आसपास आणि उरलेला काही सेकंदांत रेंगाळत. बोटांनी वाजवलेल्या लांब सुरांना, बॅलडला, संथ ग्रूव्हला ही जात फार शोभते. स्लॅपची उसळी अडवण्यासाठी ती घेऊ नका.

व्हीसीए जात दोन्हींच्या मधली, नेमकी आणि स्वतःचा रंग न चढवणारी. कीलीचा बेसिस्ट या प्रकारचा आहे: थ्रेशोल्ड, कॉम्प्रेशन आणि गेन असे तीनच नॉब. फार डोकं लावायचं नसेल आणि एकच पेडल घ्यायचं असेल तर मी याच जातीत शोधेन. अग्विलारच्या टीएलसीमध्ये अटॅक वेगळा मिळतो, म्हणून ज्याला आघाताशी खेळायचं आहे त्याच्यासाठी ते सोयीचं. बॉसचा एलएमबी-३ नावापासूनच लिमिटर. त्यावर थ्रेशोल्ड, रेशो, लेव्हल आणि एन्हान्स असे नॉब आहेत, अटॅक आणि रिलीज तुमच्या हातात नाहीत. फक्त उसळी छाटायची तर पुरेसा. एन्हान्स मात्र शून्यावर ठेवून सुरुवात करा, नाहीतर वरच्या कंपनसंख्या वाढल्याचा परिणाम आणि लिमिटिंगचा परिणाम यांची गल्लत होते.

गिटारचा जुना कॉम्प्रेसर घरात पडून आहे, तोच चालेल का? डायना कॉम्पसारखी ओटीए जातीची पेडलं गिटारवर सुंदर वाजतात. बेसवर दोन अडचणी येतात. सर्किट गिटारच्या कंपनसंख्या धरून बांधलेलं असल्याने तळ पातळ होऊ शकतो, आणि जोरदार सिग्नल देणाऱ्या पिकअपचा बेस त्यांना झेपत नाही. लावून बघायला हरकत नाही, पण तळ गेल्यासारखा वाटला तर ईक्यूने तो भरून काढायच्या मागे लागू नका.

तळ जाण्यावरचा खरा उपाय म्हणजे ब्लेंड. दाबलेल्या आवाजात मूळ आवाज मिसळता आला की सुराचं तोंडही राहतं आणि मागचं अंगही भरतं. ओरिजिन इफेक्ट्सच्या कॅली७६ च्या बेससाठीच्या आवृत्तीवर ड्राय नावाचा नॉब आहे तो यासाठी. त्याच पेडलवर एचपीएफ नावाचा आणखी एक नॉब आहे, आणि त्याबद्दल गैरसमज फार. तो तुमच्या आवाजातला लो कापत नाही. पेडलचा जो भाग ‘आता दाबायचं का’ हे ठरवतो, फक्त त्याला लो ऐकू येणं कमी होतं. खालच्या ई-बी सुरांमुळे सगळाच आवाज दबत असेल तर हा नॉब वाढवा. पण तुमची तक्रारच खालचे सूर उसळतात ही असेल, तर तो वाढवल्याने पेडल नेमक्या त्याच सुरांकडे दुर्लक्ष करेल. मल्टिबँड पेडल खालचा आणि वरचा पट्टा वेगळा दाबतं, म्हणजे अंगठ्याचा ई आणि बोटाचा पॉप एकमेकांच्या पायात येत नाहीत. ईबीएस मल्टिकॉम्पमध्ये तो एक मोड म्हणून मिळतो, टीसी इलेक्ट्रॉनिकच्या स्पेक्ट्राकॉम्पमध्ये एकाच नॉबमागे. जास्त स्लॅप वाजवणाऱ्याने हा प्रकार एकदा ऐकावाच.

शेवटची गोष्ट हेडरूमची, म्हणजे आवाज फाटण्याआधी उरलेल्या जागेची. ९ व्होल्टवर चालणारं साधं सर्किट ९ व्होल्टच्या आतच झुलू शकतं. १८ व्होल्टच्या प्रीअ‍ॅम्पचा अ‍ॅक्टिव्ह बेस जोरात वाजवला की तो पेडलच्या प्रवेशालाच क्लिप होऊ शकतो, आणि एकदा क्लिप झालेला सूर पुढे कितीही दाबला तरी स्वच्छ होत नाही. बेसचा व्हॉल्यूम अर्ध्यावर आणून बघा. खरखर गेली तर तेच कारण. काही पेडलं १८ व्होल्टवर चालतात, काही ९ व्होल्ट घेऊन आतल्या आत वाढवतात. तळाशी छापलेला आकडा वाचल्याशिवाय १८ व्होल्ट जोडू नका, पेडल जळेल.

लावायचं कसं

क्रम महत्त्वाचा आहे. रेशो ४:१, अटॅक आणि रिलीज मधोमध, ब्लेंड असेल तर मूळ आवाज बंद, आणि थ्रेशोल्ड इतका वर की मीटर हलूच नये. आता गाण्यात वाजवता तसंच वाजवा, घरी पेडल लावताना वाजवतो तसं हळू नको. थ्रेशोल्ड सावकाश खाली आणा. साधे सूर वाजताना मीटर २ ते ४ डेसिबल दाखवेल आणि जोराच्या सुराला ६–८ पर्यंत जाईल, तिथे थांबा. मग अटॅक: आधी अगदी वेगवान करून सूर कसा चपटा होतो ते ऐका, आणि सुराचं तोंड परत येईपर्यंत लांबवत न्या. मग रिलीज, वर सांगितल्याप्रमाणे. लेव्हल सगळ्यांत शेवटी.

लेव्हल लावताना पेडल चालू-बंद करून दोन्ही आवाज सारख्या मोठेपणाचे करा. हे टाळू नका. थोडासा मोठा आवाज कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो. पेडल चालू केल्यावर २ डेसिबल वाढत असतील तर तुम्ही कॉम्प्रेशनचं नाही, मोठेपणाचं कौतुक करताय. दुकानात दोन पेडलं शेजारी ठेवून ऐकतानाही हेच. लेव्हल जुळवल्याशिवाय केलेली तुलना व्यर्थ आहे.

लिमिटर म्हणून लावायचं तर उलटं: रेशो १०:१ च्या पुढे, अटॅक सर्वांत वेगवान, आणि थ्रेशोल्ड इतका वर की नेहमीच्या वाजवण्याला एकही दिवा लागू नये. फक्त पॉपला आणि चुकून जोरात पडलेल्या अंगठ्याला लागावा. सतत दिवे पेटलेला लिमिटर म्हणजे चुकीच्या जागी बसलेला कॉम्प्रेसर.

लिमिटर आहे, तरी स्पीकर फडफडतो

इथे पेडल निर्दोष असतं. लिमिटर अ‍ॅम्पच्या आधी, आणि अ‍ॅम्पवर बेसचा (खालच्या आवाजाचा) नॉब १० डेसिबल वर. म्हणजे अडवून पाठवलेला आवाज पुढे जाऊन पुन्हा वाढतोय. आधी तो नॉब मध्यावर आणा. तरी फडफड राहिली तर ती बहुधा सुराची नसून सुराखालच्या हालचालीची असते: अंगठा पिकअपवर आपटणं, तळव्याचा धक्का, तार पिकअपला लागणं. यात ३० हर्ट्झच्या खालचा भाग भरपूर असतो. पोर्ट (हवेचं भोक) असलेल्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे स्पीकरच्या पेटीत, ठरावीक कंपनसंख्येच्या खाली आतली हवा कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) आधार देत नाही, त्यामुळे ऐकूही न येणाऱ्या धक्क्याला कोन पार पुढपर्यंत झेपावतो. यावर हाय-पास फिल्टर (खालच्या कंपनसंख्या अडवणारा) हवा, ३० ते ४० हर्ट्झच्या आसपास लावलेला. काही प्रीअ‍ॅम्पमध्ये तो असतो, स्वतंत्र पेडल म्हणूनही मिळतो. शक्य असेल तर तो कॉम्प्रेसरच्या आधी ठेवा, म्हणजे त्या धक्क्यांमुळे कॉम्प्रेसर उगाच जागा होणार नाही. एकच पेडल घेण्याइतके पैसे असतील आणि तक्रार फडफडीची असेल, तर मी कॉम्प्रेसर सोडून हेच घ्यायला सांगेन.

जागा आणि घरघर

कॉम्प्रेसर लावल्यापासून घरघर वाढली, असं होतंच. ८ डेसिबल मेकअप गेन दिलात तर शांततेतली घरघरही ८ डेसिबलने वर येते, कारण शांततेत पेडल काहीच दाबत नसतं. सिंगल कॉइल पिकअपच्या बेसवर हे जास्त जाणवतं. कमी दाबा, मेकअप कमी करा, आणि ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाडणारं पेडल) कॉम्प्रेसरच्या नंतर ठेवा. ओव्हरड्राइव्ह स्वतःच आवाज दाबतो. त्याच्यानंतर कॉम्प्रेसर लावला की दाबायला फारसं उरत नाही आणि त्याची सगळी सूंसूं मात्र उचलली जाते. ऑक्टेव्हरच्या (सूर एक सप्तक खाली वाजवणाऱ्या पेडलच्या) आधी कॉम्प्रेसर असला तर त्याला सूर नीट सापडतो. एन्व्हलप फिल्टर मात्र कॉम्प्रेसरच्या आधी हवा. तो हाताच्या जोरावरच उघडतो-मिटतो, आणि सगळे सूर सारखे करून दिलेत तर तो एकसुरी होतो.

कार्यक्रमाला एक गोष्ट आणखी. साउंड इंजिनिअर मिक्सरवर बेसला स्वतःचा कॉम्प्रेसर बहुधा लावतोच. तुमचे ८ डेसिबल आणि त्याचे ८ डेसिबल मिळून सुरात काही जीव राहत नाही. साउंडचेकच्या वेळी त्याला विचारा की डीआय (मिक्सरकडे जाणारी थेट लाइन) पेडलच्या आधीचा घेतोय की नंतरचा. नंतरचा घेत असेल तर तुमचं पेडल २–३ डेसिबलवर आणा, किंवा त्याला सांगा की उसळ्या मी इकडेच अडवल्या आहेत, तुमच्याकडून अगदी हलकं ठेवा. आधीचा घेत असेल तर तुमचं पेडल फक्त स्टेजवरच्या तुमच्या अ‍ॅम्पसाठी काम करतंय, प्रेक्षकांपर्यंत ते पोहोचतच नाही. तेव्हा समोरच्या स्पीकरमध्ये सूर उसळत असतील तर पायाखालच्या पेडलचे नॉब फिरवत बसू नका, थेट इंजिनिअरशी बोला.